खरकट्या पाण्याचा चोर

१

“शेठ, आमच्या गाड्यावरची खरकट्या पाण्याची बादली तुम्हीच चोरता का?”

पेढीतला सगळा गलबला एका क्षणात थांबला. मनगटात अर्धी बांगडी चढवलेली एक बाई तशीच थबकली. तराजूपाशी बसलेल्या मुनीमजींचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. आणि काचेच्या दाराबाहेर, काचेला नाकं चिकटवून उभ्या असलेल्या सबा आणि तबस्सुम या दोघी मैत्रिणींनी एकमेकींचे हात गच्च धरले, कारण पैज त्यांनीच लावली होती. ‘नववीच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आलीस ना? मग शेठला विचारून दाखव. विचारलंस तर तुझी भूगोलाची वही आम्ही लिहू.’

आणि कामिनीनं विचारलं होतं! शाळेच्या गणवेशात, पाठीवर दप्तर, वेणीची रिबीन सुटलेली. थंडगार एसीतही तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

प्रश्न वेडगळ होता, पण खोटा नव्हता. कामिनीचे आईवडील, सुनंदाबाई आणि हेमराज, रोज सकाळी असोद्याहून भाजलेली वांगी घेऊन यायचे आणि जळगावच्या या सराफ गल्लीत पेढीच्या कोपऱ्याला भरीत-पुरीचा गाडा लावायचे. हात धुवायला नळाचा ड्रम होता, त्याच्याखाली एक निळी प्लॅस्टिकची बादली. महिनाभर झाला, ही बादली दुपारी अडीचच्या सुमाराला गायब व्हायची आणि पाचनंतर गटाराजवळ परत सापडायची. रिकामी, आणि नेली तेव्हापेक्षा स्वच्छ! सगळी गल्ली सोन्यानं भरलेली, आणि चोर नेतो काय, तर खरकटं पाणी. पेढीचा पहारेकरी मगन येता-जाता त्याच बादलीला लाथ मारायचा, म्हणून पोरींचा पहिला संशय पेढीवर.

ज्ञानेश्वरशेठ हसले नाहीत. ते सावकाश उठले.

“चोरीचं नाव तुम्ही लोक काढता?” त्यांचा आवाज खाली होता, म्हणून जास्त बोचला. “सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलंय, आणि महिनाभर माझ्या वरच्या कारखान्यात सोन्याचा कीस कमी भरतोय. दागिना कानसताना जो भुगा पडतो ना, तो. रोज चिमूटभर. माझे कारागीर दुपारी उतरून जातात कुठं? तुझ्या बापाच्या गाड्यावर. माझ्या वडिलांनी तोंडी दिलेल्या जागेवर उभा आहे तो गाडा, लक्षात ठेव.”

कामिनीनं दप्तराचा पट्टा घट्ट धरला आणि एक पाऊल मागं घेतलं. स्पर्धेत असं कधी झालं नव्हतं.

“जा, बापाला पाठव. आणि सांग, सोमवारनंतर तो कोपरा मला रिकामा दिसला पाहिजे.”

२

हेमराज पेढीत गेला आणि पंधरा मिनिटांनी बाहेर आला. तेवढ्या वेळात कामिनीनं एक पुरी जाळली, दोन गिऱ्हाइकांना उलटसुलट ताटल्या दिल्या आणि आईच्या तीन शिव्या खाल्ल्या.

“तुले कोनं सांगतलं होतं शेठच्या तोंडाले लागायाले?” सुनंदाबाई लाकडी बडगीत वांगी ठेचत होत्या, आज त्यांचा हात जरा जास्तच जोरात पडत होता. “बादली जाते नि येते. येते ना वापस? मंग?”

हेमराजनं टोपी काढून गाड्यावर ठेवली. “गाडा राहू देतो म्हने.”

“देव पावला!”

“एका बोलीवर.” त्यानं इकडेतिकडे पाहिलं. “सोमवारी सकाळी कारखान्यातले बठ्ठे कारागीर खाली बोलावनार. तेव्हा म्या एवढंच म्हनायचं, की अमीन आपल्या बादलीवर लय वेळ हात धुतो. मगननं पाह्यलंय म्हने. म्या नुसती मान हलवायची.”

कामिनीचा झारा तेलात पडला.

अमीन म्हणजे अमीनचाचा. सबाचे वडील. कारखान्यात अठरा वर्षं दागिन्यांना टाके मारण्याचं, म्हणजे सांधे जोडण्याचं काम. तिला बालवाडीपासून ‘बेटा’ म्हणणारे, तिच्या ताटलीत आईला गुपचूप जास्तीचे शेंगदाणे टाकायला लावणारे अमीनचाचा. रोज दुपारी नमाजाआधी ते गाड्यावरच वजू करायचे. हात, तोंड, पाय धुवायचे. वेळ लागायचाच!

“पप्पा, तुम्ही काय म्हणालात?”

“बघू म्हनालो.”

“बघू म्हणजे?”

“बघू म्हंजे बघू!” हेमराज ओरडला आणि लगेच ओशाळला. या गल्लीत हातभर जागा मिळत नाही, गाडा उठला तर मुलीची शाळा, घर, सगळंच उठेल, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

गाड्याच्या पलीकडे ताटली धरून सबा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं ताटली खाली ठेवली आणि चालायला लागली.

३

“सबे, थांब! सबे!”

कामिनीनं तिला पितळेच्या दुकानापाशी गाठलं.

“तुझे पप्पा मान हलवणार,” सबा म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते, आणि तेच वाईट होतं.

“सोमवारच्या आत मी खरा चोर शोधते. चार दिवस आहेत.”

“साडेतीन. आज गुरुवार, दुपार झाली.”

“साडेतीन तर साडेतीन! तू रडू नकोस, मला मदत कर.”

“मी रडतच नाहीये, येडे. तूच रडतेस.”

आणि खरंच, कामिनीच रडत होती. दोघी हसल्या. मग कामिनीनं दप्तरातून गणिताची वही काढली. शेवटच्या पानावर गंमत म्हणून तिनं बादली गायब व्हायचे दिवस लिहून ठेवले होते. आता ती गंमत उरली नव्हती. रविवारी गाडा बंद, तो सोडून महिनाभर जवळजवळ रोज फुली होती. फक्त मागच्या आठवड्यात सोमवार आणि मंगळवार कोरे. त्या दोन दिवशी बादली जागची हलली नव्हती.

पाच वाजता कारखान्याचा जिना रिकामा व्हायला लागला. अमीनचाचा सगळ्यात शेवटी उतरले. डोक्यावरची जाळीची टोपी काढून त्यांनी टकलावरचा घाम पुसला. काय कुजबुज चाललीय ते त्यांना कळलेलं होतं.

“बेटा, तू यात पडू नको.”

“चाचा, एकच सांगा. तुमच्या कारखान्यातून सोनं बाहेर जाऊ शकतं का?”

ते पायरीवर टेकले. हुन्नर विचारला की त्यांना सांगितल्याशिवाय राहवत नसे. “कसं जाणार? वर दाराशी तांब्याचं घंगाळ आहे. उतरायच्या आधी प्रत्येकानं त्यात कोपरापर्यंत हात धुवायचे. ते पाणी शेठ फेकत नाहीत, साठवतात. तळाला बसलेला कीस आटवून पुन्हा सोनं. मग कपडे झटकायचे, खाली चादर अंथरलेली असते. खिसे बघतात, नखं बघतात. माझ्या तर हाताला कीस लागतच नाही, मी टाके मारतो. कानशीवर बसतात ती पोरं वेगळी.”

“म्हणजे खाली उतरताना हात अगदी स्वच्छ?”

“एकदम पाक!”

“मग गाड्यावर आल्यावर लोक आधी हात का धुतात?”

“सवय, बेटा. जेवायच्या आधी धुवायचे, म्हणून धुवायचे.” ते उठले. “उद्या जुम्मा. दर जुम्म्यासारखाच मी लवकर निघून घरी आंघोळ करतो, तिथूनच मशिदीत, आणि जेवायलाही घरीच. तुझ्या आईला सांग, माझं भरीत नको.”

ते चार पावलं गेले आणि वळले. “शेठनं तुझ्या पप्पांवर फार जोर केला असेल ना? त्यांना म्हणावं, अमीननं वाईट वाटून घेतलं नाही.”

कामिनीला त्या क्षणी जिन्याच्या पायऱ्यांवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

४

शुक्रवारी शाळेत तिला एक तासही धड बसवेना. बाराला घंटा झाली तशी ती पळत गाड्यावर आली.

दुपारी गाड्याला श्वास घ्यायलाही उसंत नसते. फेब्रुवारी संपायच्या आधीच ऊन चावायला लागलं होतं. मगन बंदूक खांद्याला अडकवून पुरी तोडत होता. कानशीवरची चार पोरं भांडत-खिदळत जेवून गेली. मागोमाग सुपडूकाका आला.

सुपडू म्हणजे हेमराजचा चुलतभाऊ, असोद्याचाच. हेमराजनंच शेठच्या हातापाया पडून त्याला कारखान्यात कानशीवर चिकटवलं होतं. गल्लीत सगळ्यात रंगेल माणूस तोच. केसांना खोबरेल तेल इतकं, की माशी बसली तर घसरावी. कामिनीला स्कूटी त्यानंच शिकवली होती, तीही तिच्या आईच्या नकळत.

“वहिनी, जीव चाललाय उन्हानं!” म्हणत त्यानं नेहमीसारखं सगळं डोकं ड्रमच्या नळाखाली धरलं.

“अरे मेल्या, ड्रम संपवशील!” सुनंदाबाई करवादल्या. “हात धुवायाले पानी ठेव गिऱ्हाइकाले!”

“तुम्हाले साबन आनून दिला त्याचं काही नही? राखेनं हात फुटत होते तुमचे. आन मागच्या मंगळवारी धुळ्याहून बर्फी आनली ती कोनी खाल्ली?” त्यानं ओल्या केसांतून बोटं फिरवली आणि कामिनीवर पाणी उडवलं. “सासरवाडी दोन दिवस राह्यलो तर इथं कोनाले माझी आठवनबी नही झाली.”

सगळे हसले. कामिनीही हसली.

दोनला गर्दी जरा ओसरली, तशी तिनं एक वाटी बादलीत बुडवून तळाचा गाळ काढून घेतला. वाटी ओढणीखाली झाकून ती सबासोबत गल्लीच्या टोकाला गेली. तिथं निंबाआबा बसायचे. आबा मूळचे धुळ्याकडचे, धंद्यानं झारेकरी. सोनारांच्या दुकानांतली झाडलेली माती विकत घ्यायची आणि धुऊन त्यातलं सोनं काढायचं, हा त्यांचा पिढीजात उद्योग.

“काय शे पोरी?”

“आबा, यात काही आहे का बघा ना.”

“खरकटं शे!” आबांनी नाक मुरडलं. पण हात शिवशिवले असावेत. त्यांनी तो गाळ लाकडी पाटीत ओतला, वरून पाणी सोडलं आणि पाटी अशी काही हलवायला लागले, की जणू बाळाला झोपवताहेत. वांग्याच्या बिया गेल्या, पातीचे तुकडे गेले, तेलाचा तवंग गेला. तेलात राख मिसळली की नुसता चिखल होतो, मग त्यातून कीस सोडवायला मुरलेला हात लागतो, असं काहीबाही सांगत आबा पाणी सोडत राहिले.

“आबा, हे तुम्ही तर नाही ना नेत?” सबानं भीत भीत विचारलं.

“मी?” आबा खवळले. “मागला आठवडाभर मी खाटलावर पडेल व्हतू, इचार कोनले बी! आनि माले जोयजे तर मी नुसता गाळ काढी लेसू. बादली घासाले मी काय मोलकरीन शे?”

त्यांची पाटी थांबली. कडेला एक रेघ उरली होती. केसाएवढी बारीक, पिवळी.

“सोनं,” आबा पुटपुटले.

दोघी पळत परत आल्या. ड्रमखालची जागा रिकामी होती. बादली गेली होती.

५

त्या संध्याकाळी असोद्याच्या बसमध्ये खिडकीशी बसून कामिनी अंगठ्याचं नख खात होती. मांडीवरची गणिताची वही उघडीच होती.

बादलीत सोनं येतं. पण वर घंगाळात हात धुतल्यावर हाताला सोनं उरत नाही. मग येतं कुठून?

तिनं फुल्यांवरून बोट फिरवलं. शुक्रवार, फुली. त्याच्या आधीचा शुक्रवार, फुली. त्याच्याही आधीचा, फुली. आज शुक्रवार, आणि आजही!

शुक्रवारी अमीनचाचा गाड्यावर येतच नाहीत.

“अगं बाई!” ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की पुढच्या बाकावरची कोंबडीवाली बाई दचकली, आणि तिची कोंबडीही.

चाचा सुटले! निदान कामिनीच्या वहीत तरी सुटले. पण शेठला वहीतल्या फुल्या दाखवून काय होणार? त्यांना माणूस हवा होता.

मग तिला आबांची पाटी आठवली. किती हळू, किती अलगद पाणी सोडत होते. सोनं जड, आपोआप तळाला बसतं. पण आबा म्हणाले होते की तेल आणि राख एकत्र आली की नुसता चिखल होतो, त्यातून कीस सोडवायला मुरलेला हात लागतो. चोराचा हात मुरलेला नसणार. मुरलेला असता तर त्यानं नुसता गाळ नेला असता, बादली कशाला?

आणि गाड्यावर तर पूर्वी वर्षानुवर्षं राखेनंच हात धुवायचे! कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली की जी राख उरते, ती डब्यात भरून आई आणायची. महिनाभरापूर्वी ती बंद झाली आणि साबण आला.

साबण कुणी आणला, हे तिला माहीत होतं. पण त्या विचारापाशी तिचं मन घोड्यासारखं अडलं. नाही. साबण काय, कुणीही आणेल. माया म्हणून आणेल.

खात्री करून घ्यायला एकच रस्ता होता. शनिवारी तिनं साबण दप्तरात लपवला, राखेचा जुना डबा ड्रमवर ठेवला आणि दोन मुठी राख बादलीत टाकली. मग पुऱ्या लाटायला बसली, तोंड ड्रमकडे करून. सबा समोर ताटली घेऊन बसली. पुरीचे नुसतेच तुकडे करत होती.

मगन आला. “साबण कुठाय?” कुरकुरत राखेनं हात घासले.

कानशीवरची पोरं आली. एकानं राख उडवली, दुसऱ्याच्या डोळ्यात गेली, मारामारी झाली, जेवले, गेले.

अमीनचाचा आले. शांतपणे वजू केला, टोपी घातली, मशिदीकडे गेले.

सुपडूकाका आला. “काय कामू, आज मान वर नही?” त्यानं नळ सोडला, डोकं वाकवलं आणि अर्ध्यावर थांबला. त्यानं साबण शोधला नाही. डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो बादलीत बघत होता.

“वहिनी, बादलीत राख कोनं टाकली?”

त्यानं बादली उचलली, गटारात ओतली, दोनदा विसळली, परत जागेवर ठेवली. आणि मगच तिच्यावर डोकं धरलं.

कामिनीच्या हातातली लाटी तिच्या मांडीवर पडली. खरकट्या बादलीत वाकून कोण बघतं? ज्याचं त्यात काही असतं तो.

६

“काका, दोन मिनिटं.”

पाच वाजले होते. जिन्याखाली सुपडूची स्कूटी असायची, तिच्या मागं पोत्याआड निळी बादली होती. पाणी ओतून दिलेलं, तळाला बोटभर गाळ. सुपडू कपड्याच्या तुकड्यावर तो उपडा करण्याच्या बेतात होता.

“तू इथं काय करून राह्यली?”

“केसांत,” कामिनी म्हणाली. तिचा आवाज स्पर्धेतल्यासारखा लागला होता. “कानशीवर बसल्यावर तुम्ही सारखी केसांतून बोटं फिरवता. तेलाला कीस चिकटतो. शेठ हात बघतात, खिसे बघतात, नखं बघतात. डोकं कुणी बघत नाही. खाली येऊन नळाखाली धरलं की झालं. धुळ्याला दोन दिवस गेलात, ते दोन दिवस बादली हलली नाही. आणि राख नको, म्हणून आईला साबण.”

सुपडू हसला. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे विझले.

“चिमूटभर असतं गं कामू.”

“रोज.”

“धुळ्याले लहानसं दुकान टाकायचं होतं. जन्मभर दुसऱ्याचं सोनं घासायचं का म्या?” तो खाली बसला. “हे पाह्य, सोमवारी बठ्ठं मिटनार. म्या आता बंद करतो. तुमचा गाडा वाचतो. तुझ्या पप्पाले नुसती मान हलवायची शे.”

“आणि अमीनचाचा?”

“त्याचं काय, तो जाईल दुसऱ्या पेढीवर.”

“चोर म्हणून?”

त्यानं कपड्याचा तुकडा घडी करून खिशात कोंबला. वर कारखान्याचं दार ओढल्याचा आवाज आला.

“काका, उद्या रात्रीपर्यंत तुम्ही स्वतः शेठकडे जा. तुम्ही गेलात तर मी कुणापाशी चकार शब्द काढणार नाही.”

“आन नही गेलो तर?”

कामिनी स्कूटीला हात लावून उभी राहिली. तो उठला, बादली तिच्या हातात दिली आणि स्कूटी सुरू केली. रविवारी सकाळी तिनं फोन लावला तेव्हा तो बंद होता. दुपारी बंद होता. संध्याकाळी काकू सांगत आली, की ते पहाटेच धुळ्याला गेले, काही बोलले नाहीत.

७

दिवेलागण झाली होती. परसात उद्याची वांगी निवडायला आईवडील बसले होते. हिरवी, देठाला टवटवीत, एकेक हातात तोलून टोपलीत जात होती. कामिनीनं सगळं सांगितलं. वही पुढं ठेवली. फुल्या दाखवल्या, शुक्रवार दाखवले, राखेचं सांगितलं, केसांचं सांगितलं, निंबाआबांच्या पाटीतली पिवळी रेघ सांगितली. सांगताना ती एका जागी उभी राहू शकत नव्हती. तुळशीपासून टोपलीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या.

सांगून झाल्यावर हेमराजनं वही जवळ ओढून फुल्या पाहिल्या.

“सुपडू,” सुनंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. “मह्या हाताचं खाऊन गेला रोज.”

“हळू बोल,” हेमराज म्हणाला. “भिंतीपलीकडं त्याचंच घर शे.”

“पप्पा, उद्या तुम्ही मान हलवायची नाही.”

“आन काय करायचं? सुपडूचं नाव घ्यायचं? त्याले कामाले म्या लावला. शेठ म्हनेन, चोर तुझा, चोरी तुझ्या गाड्यावर, बादली तुझी. गाडा तर जाईनच, म्या बी आत जाईन.” तो वांगं हातात घेऊन तसाच बसला. “अमीन भला मानूस शे. म्या काय जानत नही? पन तो आपला नही ना कामिनी. सुपडू आपला शे.”

“अमीनचाचांनी तुम्हाला निरोप दिलाय,” कामिनी म्हणाली. “गुरुवारीच दिला होता. मला सांगवेना. ते म्हणाले, पप्पांना म्हणावं, अमीननं वाईट वाटून घेतलं नाही.”

हेमराजच्या हातातलं वांगं खाली पडलं. त्यानं ते उचललं नाही.

“कोनाबरोबर सांगतलं त्यानं?” सुनंदाबाईंनी विचारलं.

“माझ्याबरोबर. अजून तुम्ही मानसुद्धा हलवली नव्हती, आणि त्यांनी माफ करून टाकलं होतं.”

पलीकडच्या घरातून टीव्हीचा आवाज आला आणि कुणीतरी तो बारीक केला. हेमराजनं मुलीकडे पाहिलं. ती आता येरझाऱ्या घालत नव्हती. तुळशीपाशी उभी होती, दोन्ही मुठी आवळून.

“पप्पा, आई, मी ठरवलंय,” ती म्हणाली. “उद्या पहिल्या बसनं मी जळगावला जाणार, पण शाळेत नाही. आधी अमीनचाचांच्या घरी जाणार आणि त्यांना सुपडूकाकांचं नाव सांगणार. मग त्यांच्याबरोबर पेढीवर. तिथं तुम्ही मान हलवलीत, तर तुमच्या शेजारी उभी राहून, सगळ्या कारागिरांसमोर मी म्हणेन की माझे पप्पा खोटं बोलताहेत. गाडा गेला तर जाऊ दे, शाळा सुटल्यावर मी टोपली घेऊन गल्लोगल्ली भरीत विकेन, मला लाज नाही वाटणार. बस साडेसहाची आहे. तुम्ही दोघं सोबत आलात तर मला फार बरं वाटेल. पण नाही आलात तरी मी जाणार आहे.”